फक्कीची रेघ

अण्णा, इथे एका मॉलच्या वरच्या मजल्यावर बर्फाचं मैदान आहे. खाली भाजीपाला, त्यावर मोबाइलची दुकानं, त्यावर खाण्याचे स्टॉल, आणि सगळ्यात वर बर्फ. बाहेर घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला असतो आणि काचेचं एक दार ढकललं की नाकाचा शेंडा गार पडतो. तिथल्या बाकावर मी यांचा, म्हणजे तुमच्या जावयाचा, मरून स्वेटर घालून बसते. मीच विणलेला. हे गेल्यावर मुलगी मला इकडे न्यायला आली, तेव्हा बॅग भरताना म्हणाली होती, "आई, सिंगापुरात स्वेटर कशाला? बुरशी येईल त्याला." मी तो साड्यांच्या घडीत दडपून आणला. पुष्कळ दिवस तो कपाटात नुसता पडून होता. आता प्रत्येक सरावाला बाहेर पडतो. कोपराशी उसवलंय, पण ते मी शिवत नाही, कारण तिथे यांचं कोपर टेकायचं. पेपर वाचताना ते टेबलावर कोपर टेकवून बसायचे आणि मला म्हणायचे, मोठ्यानं वाच, माझा चष्मा सापडत नाही. चष्मा कपाळावर असायचा. सातवीपर्यंतच शिकलेल्या बाईला वाचायची सवय त्यांनी अशी लावली. तुम्हाला हे माहीत नसेल. तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी पोटात होती.

आता त्या मुलीची मुलगी अकरा वर्षांची आहे आणि ती त्या बर्फावर खेळते. खेळ समजायला मला वेळ लागला. पायात पाती लावलेले बूट, त्यांना स्केट्स म्हणतात. हातात वाकड्या टोकाची काठी, आणि चेंडूच्या जागी रबराची काळी चकती. ती चकती समोरच्यांच्या जाळीत घालायची. धक्काबुक्की चालते. आमची नात जाळीसमोर उभी राहते, गोलकीपर. तिच्या पायांना उशांएवढी पॅड, तोंडावर पिंजरा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, एवढ्या ओझ्याखाली माझं पोर हलणार कसं. पण हलते, अण्णा. बाकी पोरं पळत असतात तेव्हा ती दोन्ही पायांवर जराशी वाकून, समोरच्याच्या कमरेकडे बघत थांबलेली असते. डोळ्यांकडे बघत नाही, कारण डोळे फसवतात. हे तिला मी शिकवलं नाही. मैदानाच्या कडेला बसून तुम्ही पोरांना हेच ओरडून सांगायचात. इथे तिला ते तिच्या कोचनं सांगितलं, तो स्वीडनचा आहे. पहिल्या दिवशी घरी येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली, "आजी, कोच सो फिअर्स लाह. पाणी प्यायलं तरी बघतो." मी विचारलं, मग नको का जायला? तिनं माझ्याकडे असं पाहिलं जणू मी वेडी आहे. "हू से नको?"

तो माणूस उंच आहे, केस पिकत आलेले, आणि चालताना डावा पाय जरासा मागे राहतो. बर्फावर गेला की तो पाय कुठला हे ओळखू येत नाही. सरावाआधी एक मशीन येऊन बर्फ गुळगुळीत करून जातं, मग गोलच्या चौकटी ढकलत आणून जागेवर बसवायच्या असतात. हे काम मदतनीस करू शकतात. तो करू देत नाही. स्वतः ढकलतो, मागे सरकून बघतो, बोटभर हलवतो, पुन्हा बघतो. एका संध्याकाळी सरावाला उशीर होता आणि तो माझ्याच बाकावर बूट बांधायला बसला. मी विचारलं, "व्हाय यू ओन्ली पुश?" माझं इंग्रजी नातीच्या शाळेच्या पुस्तकांतून आणि इथल्या लायब्ररीतल्या लहान मुलांच्या कपाटातून आलेलं. त्याचंही शाळेतच शिकलेलं, त्यामुळे आमचं बरं जमतं. दोघंही हळू बोलतो. तो म्हणाला, घरी लहान असताना मैदान आम्हीच तयार करायचो, म्हणून.

मग तो येता-जाता सांगत गेला आणि मी ऐकत गेले. त्याचं गाव उत्तरेकडचं, वडील कागदाच्या कारखान्यात. गावाला लागून तळं, ते हिवाळ्यात गोठायचं. शाळा सुटली की पोरं फावडी घेऊन तळ्यावर जायची, आधी वरचा भुसभुशीत बर्फ बाजूला सारायची, मग खेळायची. गोल म्हणून दोन बूट. पंधराव्या वर्षी घर सोडून तो क्लबच्या गावी राहायला गेला. पुढे वरच्या लीगमध्ये खेळला, बचावाला. एकदा देशाच्या संघाच्या शिबिराला बोलावणं आलं, आणि संघ जाहीर व्हायच्या दिवशी त्याला घरी पाठवलं. "बॅग मात्र दिली त्यांनी," तो म्हणाला. "चांगली बॅग. अजून आहे." पायाला दुखापत झाल्यावर दोन हंगाम कसेबसे काढले, मग खेळ सुटला आणि तो पोरांना शिकवायला लागला. एका छोट्या क्लबचा मोठा कोच झाला. ते वर्ष हरण्यातच गेलं आणि फोनवरून त्याला काढलं. फोन आला तेव्हा तो दुकानात दूध घेत होता, आणि दूध घेऊन घरी गेला, कारण घरात दूध नव्हतं. मग एक देश, दुसरा देश, जिथे बर्फ मुद्दाम तयार करावा लागतो असे. बायकोला नोकरी इथे लागली म्हणून इथे. कुणी म्हणेल, माणूस पायऱ्या उतरत उतरत मॉलमध्ये येऊन पोचला. मलाही आधी तसंच वाटलं. मग मी त्याला एका दुपारी बघितलं, एक पोरगी पहिल्यांदा न पडता थांबली तेव्हा. तो फक्त "ओके" म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. अण्णा, तुम्ही "बरं" म्हणायचात. जन्मात एकदा ज्याला तुमच्या तोंडून "बरं" मिळालं, तो पोरगा आठवडाभर छाती काढून फिरायचा.

तुमचा गुडघा मला आठवतो. मी त्याला तुमच्याहून वेगळा धरायचे, घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा. आई चुलीवरच्या तव्यावर निर्गुडीचा पाला शेकतेय, तुम्ही पाटावर पाय लांब करून बसलाय, आणि आई गरम पाला गुडघ्यावर ठेवते तेव्हा तुम्ही तोंडातून आवाज काढत नाही, फक्त डाव्या हातानं पाटाची कड धरता. तुम्ही गिरणीच्या संघातले चढाईवाले होता, हे मला लोकांकडून कळलं. समोरच्या अंगणात घुसून, दम न सोडता, चार जणांच्या हातांतून निसटून रेघेवर बोटं टेकवायची, हे काम ज्या माणसाचं होतं तो माणूस मी पाहिलाच नाही. मी पाहिला तो मैदानाच्या कडेला शिट्टी घेऊन बसलेला. लोक हुतूतू म्हणायचे, तुम्ही कबड्डीच म्हणायचात, आणि संध्याकाळी मंडळाच्या पोरांना शिकवायला जाताना मला बरोबर न्यायचात, कारण मैदान आखायचं काम माझं होतं. तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, त्यात पांढरी फक्की. दोरी ताणलेली. डबा हलवत, मागे मागे सरकत रेघ ओढायची. मधली रेघ तुम्ही शेवटी ओढायला लावायचात आणि ती सरळ आली की पोरांना म्हणायचात, "हिच्या रेघेवर पाय देईल तो बाहेर." सांगलीच्या त्या मैदानावरून मी पांढऱ्या पायांनी घरी यायचे आणि आई ओरडायची. मला वाटायचं, अजून थोडी मोठी झाले की रेघेच्या आत जायचं.

मग तो दिवस. मी बारा वर्षांची होते. डबा भरून मी दारात उभी, आणि तुम्ही चपला घालता घालता वर न बघता म्हणालात, "आजपासून मैदानावर यायचं नाही." मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, "विचारायचं नाही." बस, एवढंच. आईनं माझ्या हातातून डबा घेऊन तुमच्याकडे दिला. तुम्ही का म्हणालात हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही आहे. गल्लीतल्या चार माणसांनी काहीतरी म्हटलं असणार, मुलगी मोठी झाली, पोरांत काय काम. तुम्ही चार जणांच्या हातांतून निसटणारे होता आणि त्या चौघांना घाबरलात. हे मी तुम्हाला जिवंतपणी कधी म्हटलं नाही, आता म्हणते. पण त्याच्या पुढचंही सांगते. आमच्या माळवदावरून मैदान दिसायचं. दुसऱ्या दिवशी मी वर गेले, माझा डबा कुणाला दिला ते बघायला. कुणालाच दिला नव्हता. तुम्ही स्वतः वाकून, तो गुडघा घेऊन, मागे मागे सरकत रेघ ओढत होता. वाकडी येत होती. तिथे हात चालवायला एवढी पोरं उभी होती, आणि नंतरही, शेवटपर्यंत, तुम्ही तो डबा दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. मी वर्षानुवर्षं याचा अर्थ लावत बसले. कधी वाटायचं माझी जागा राखून ठेवलीय, कधी वाटायचं स्वतःला शिक्षा करून घेताय. तुम्हाला विचारायची सोय नव्हती, तुम्हीच तर म्हणाला होतात, विचारायचं नाही.

या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी हत्यारांची पूजा केली. मुलीचा आणि माझ्या जावयाचा लॅपटॉप, विळी, मिक्सर, आणि नातीचे स्केट्स. तुम्ही नाही का शिट्टीला आणि फक्कीच्या डब्याला कुंकू लावायचात, म्हणायचात कबड्डीला दुसरं हत्यार काय. हे गेल्यापासून मी स्वतःला कुंकू लावत नाही. घरात कुणाचा आग्रह आहे म्हणून नाही, माझाच हात वर जात नाही. पण हत्याराला लावायला हात गेला. स्केटच्या पात्यावर कोरडं कुंकू ठरेना, म्हणून तेलात कालवून चांगलं ठसठशीत लावलं. पूजा झालेलं पुसायचं नसतं. संध्याकाळी सराव होता, तसेच स्केट्स पिशवीत घालून आम्ही बुकित बातोकहून, आमच्या घरून, निघालो.

मी पुस्तकात डोकं घालून बसले होते. शिट्टी ऐकू आली, लांब, थांबवायची शिट्टी. वर बघते तर सगळी पोरं उभी, आणि कोच मैदानाच्या त्या टोकापासून असा येतोय जसा मी त्याला कधीच पाहिला नव्हता. तो माणूस त्याच्या काळी कसा खेळत असेल ते मला त्या क्षणी दिसलं. आमच्या पोरीच्या पायाशी, जाळीसमोरच्या निळ्या अर्धगोलात, खरवडलेला बर्फ लालभडक झाला होता. तो गुडघ्यांवर पडला, तिचे हातमोजे ओढून काढले, मनगटं बघितली, शिरस्त्राण काढून मान बघितली, मग पाय. ती काहीतरी सांगत होती, तो ऐकत नव्हता. शेवटी ती जोरात म्हणाली, ते मला बाकावर ऐकू आलं, "कोच, नॉट ब्लड लाह. माय ग्रँडमा प्रे टू माय स्केट्स."

तो तिथेच बर्फावर बसला, अगदी मांडी घालून. पोरं हसायला लागली तरी तो हसेना. मग उठून कठड्याशी आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी सॉरी म्हटलं, सांगायचा प्रयत्न केला, वर्षातून एक दिवस, ज्याच्यावर आपण जगतो त्या वस्तूला नमस्कार. तो मान हलवत राहिला. मग पँट जराशी वर करून त्यानं डाव्या बुटाच्या कडेच्या वर, पोटरीखालचा भाग दाखवला. तिथे मांसात एक खोल आडवी खाच होती. दुसऱ्या कुणाच्या स्केटचं पातं, गर्दीत, चुकून. "मला दुखलंच नाही आधी," तो म्हणाला. "खाली लाल दिसलं आणि वाटलं, प्रेक्षकांतलं कुणाचं तरी सरबत सांडलं. मी त्याला शिव्या देणार होतो." आणि तेव्हा तो हसला.

मी विचारलं, खूप दिवस विचारायचं होतं ते. कडेला उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघताना वाईट वाटतं का? तो म्हणाला, "पहिली काही वर्षं मी वाईट कोच होतो. मुलांना शिकवत नव्हतो, त्यांच्या आत शिरून मीच खेळायचो. कुणी चुकलं की मला राग यायचा, माझाच पाय अडकल्यासारखा. मग कधीतरी ते गेलं. कधी गेलं ते कळलं नाही." नात तोवर कठड्याशी येऊन उभी राहिली होती, नाक लाल, स्केटवर अजून माझं कुंकू. तिनं त्याला सांगितलं, आजीचे बाबा पण कोच होते. त्यानं कुठला खेळ विचारलं आणि मी कबड्डी समजावली. श्वास धरून ठेवायचा हे त्याला फार आवडलं, त्यानं तिथेच धरून बघितला. मग सहज विचारलं, "अँड यू? ही टॉट यू ऑल्सो? यू प्लेड?"

मी म्हटलं, "येस."

त्यानं गळ्यातली शिट्टी काढून माझ्यापुढे धरली. हिलाही लाव म्हणाला, तिच्यावरच तर मी जगतो. मी पर्समधल्या कागदाच्या पुडीतलं, पूजेतून उरलेलं चिमूटभर कुंकू बोटावर घेतलं आणि त्याच्या शिट्टीला लावलं. शिट्टीच्या त्या गार पत्र्यावर बोट टेकलं तेव्हा मला तुमची शिट्टी आठवली. मग तो मागे वळला आणि ओरडला, "अगेन."

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. पुढचं वर्ष सहावीचं, इथे सहावीची परीक्षा म्हणजे घराघरात दहावी-बारावीसारखं वातावरण. ट्यूशनची जागा मिळाली होती, नेमकी सरावाच्या वेळेची. त्या रविवारी जेवताना मुलीनं विषय काढला. "डिसेंबरपर्यंत खेळ. मग बंद. परीक्षा झाली की बघू." नात ताटातल्या भातावर बोटानं रेघा ओढत बसली. जावई बोलायला मऊ आहे, तो म्हणाला, "बाळा, कायमचं बंद नाही करत आहोत." मी म्हटलं, एकदा थांबलं की थांबतं. मुलगी माझ्यावर चिडली. "आई, प्लीज, तू तिला चढवू नकोस. तुला इथली परीक्षा माहीत नाही." खरं होतं, मला नव्हती माहीत. आणि मला दिसत होतं की आता हे पोर काही विचारणार नाही. ताट उचलून आत जाईल आणि जानेवारीपासून त्या वेळेला ट्यूशनला जाईल, आणि कुणीच काही वाईट केलेलं नसेल.

पण ती माझ्यासारखी नाही. तिनं मान वर केली. "पणजोबांनी आजीला खेळायला दिलं होतं," ती म्हणाली. "दॅट टाइम सम मोअर, एवढ्या जुन्या काळात. गर्ल आणि सगळं. आजीनं कोचला सांगितलं." घास माझ्या तोंडात होता. जावई माझ्याकडे कौतुकानं बघायला लागला. "हो, आई? त्या काळात? हे कधी बोलला नाहीत." मी मुलीकडे बघितलं. तिला माहीत आहे, अण्णा. ती आठवीत असताना शाळेच्या खो-खोच्या संघात निवडली गेली होती, त्या दिवशी तिच्या वेण्या घालताना मी तिला माळवदाची आणि डब्याची गोष्ट सांगितली होती. तिनंही माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. आमटीचं पातेलं उचललं, परत ठेवलं. मग लेकीला म्हणाली, "पणजोबा कडक होते पण. खेळायचं तर अभ्यास करूनच. हो ना गं, आई?" मी म्हटलं, हो. फार कडक. ट्यूशनचा वार बदलून मिळाला. सराव आता आठवड्यातून एकदाच आहे, कोच कुरकुरला, पण जाळीसमोर अजून तीच उभी असते.

तर तुम्ही आता या घरात असे आहात. जावयानं ऑफिसात सांगितलंय, आमच्या पोरीच्या पणजोबांनी तेव्हा, सांगलीत, मुलीला मैदानावर उतरवलं होतं. कोचनं तुमच्या दमाचा व्यायाम सरावात घेतलाय, पोरं श्वास धरून बर्फावर एक फेरी मारतात, आणि तो त्याला 'ग्रँडमाज फादर' म्हणतो. तुम्हाला मी खोट्या मोठेपणात बसवलंय, त्याला तुमची हरकत असेल तर ती कळायची सोय नाही. हे लिहितेय ते दुपारी, घरात कुणी नसताना, आणि कुठे टाकायचं म्हणून लिहीत नाही. तुम्ही जे दारात सांगितलंत ते मी विसरलेले नाही, एवढंच तुम्हाला माहीत असावं. आणि वाकड्या आलेल्या त्या रेघाही विसरलेले नाही.

काल परत येताना एमआरटीत जागा मिळाली, नात माझ्या खांद्यावर रेललेली. तिनं विचारलं, "आजी, तू कबड्डीत कुठली जागा खेळायचीस? डिफेन्स?" बचावाला, कोपऱ्यात उभी असायचे म्हटलं असतं तरी चाललं असतं, तेवढं खोटं कमी झालं असतं. मी म्हटलं, "छे. चढाईला जायचे."